चिठ्ठीवरचा ‘पेरूव्हियन जायंट’ आणि आमचा बंडू

गेल्या दिवाळीच्या आधी छत्रपती संभाजीनगरातील एका पेट शॉपमधून आम्ही एक गिनीपिग विकत घेतला. काचेच्या पेटीवर ठळक अक्षरांत ‘पेरूव्हियन जायंट, नर, वय ४ महिने’ अशी चिठ्ठी लावलेली होती. शेजारच्या पेटीतले साधे गिनीपिग ९०० रुपयांना मिळत असताना याची किंमत ३,८०० रुपये होती. एप्रिल उजाडेपर्यंत त्या चिठ्ठीतल्या चार गोष्टींपैकी दोन साफ चुकीच्या निघाल्या आणि एक बहुधा बरोबर असल्याचे दिसले. उरलेली चौथी, म्हणजे ‘जायंट’ हा शब्द, कितपत खरी आहे हे ठरवण्यासाठी आम्हाला त्याच शहरातील एका लहान प्राण्यांच्या दवाखान्यात जावे लागले. हा अभिप्राय त्या दुकानाविषयी आणि त्या दवाखान्याविषयी आहे. दुकानाचे नाव मी लिहीत नाही, कारण अशाच चिठ्ठ्या त्यानंतर आणखी दोन दुकानांत माझ्या पाहण्यात आल्या. एकाला तेवढे नावानिशी झोडपून काही साधणार नाही, आणि एकाला नाव घेऊन बोलायचे नाही म्हटल्यावर दवाखान्याचेही नाव न लिहिणे मला योग्य वाटते.

दुकानाची बाजू आधी न्यायाने मांडतो. जागा स्वच्छ होती, पेट्यांमध्ये कोंदट वास नव्हता, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या होत्या आणि प्राणी दाखवणारा मुलगा त्यांना एका हाताने उचलत नव्हता, तर छातीखाली एक आणि मागच्या पायांखाली दुसरा असे दोन्ही हात लावून उचलत होता. हे बारीक वाटले तरी महत्त्वाचे आहे, कारण गिनीपिगचे अंग जड आणि पाठ नाजूक असते, आणि हातातून पडून कण्याला इजा झालेले प्राणी पुढे सहसा धड चालत नाहीत. तोपर्यंत दुकानाविषयी माझे मत चांगलेच होते. नंतर बिल हातात आले. त्यावर ‘गिनीपिग, १ नग’ एवढेच लिहिले होते. ‘पेरूव्हियन’ हा शब्द नाही, ‘जायंट’ हा शब्दही नाही. चिठ्ठी पेटीवरची, बिल हातातले, आणि तीन हजारांचा फरक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, अशी ती स्थिती होती.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीने त्याचे नाव बंडू ठेवले. पहिल्याच आठवड्यात तिने चित्रकलेच्या वहीच्या दोन पानांवर बंडूला बसवले, त्याच्या भोवतीने पेन्सिल फिरवली आणि त्या आकृतीखाली तारीख टाकली. या कागदाचा पुढे काय उपयोग होणार आहे याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक तराजूवर, साखरेच्या रिकाम्या डब्यात बसवून, त्याचे वजन १,०८० ग्रॅम भरले. आम्हाला ते ठीकच वाटले. वयात आलेली मादी साधारण ७०० ते ९०० ग्रॅमची आणि नर ९०० ते १,२०० ग्रॅमचा असतो, आणि चार महिन्यांचे पिल्लू साधारणपणे या आकड्यांच्या बरेच खाली असते, हे मला नंतर कळले. तेव्हा माहीत असते तर मी पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला असता.

दुकानाने प्राण्यासोबत दिलेल्या सामानाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण खरी गफलत तिथेच झाली. जाळीच्या तळाचा पिंजरा, त्यात फिरते चाक, लाकडाचा भुसा आणि एक किलोचे ‘स्मॉल अॅनिमल मिक्स’ असे ते सामान होते. त्या मिक्समध्ये सूर्यफुलाच्या बिया, मका, शेंगदाणे आणि रंगीत गोळ्या होत्या. गिनीपिगच्या पाठीच्या ठेवणीला चाक मानवत नाही आणि जाळीवर सतत बसून त्याच्या तळपायांना जखमा होतात. बियांचे हे मिश्रण हॅमस्टरसाठी असते, गिनीपिगसाठी नव्हे. गिनीपिगचे मुख्य अन्न म्हणजे गवत, ओले किंवा वाळलेले, आणि तेही दिवसभर समोर हवे. पालेभाजी आठवड्यातून एकदा द्यावी असे आम्हाला दुकानात सांगण्यात आले होते. आम्ही ते निष्ठेने पाळले, आणि भाजीची भरपाई म्हणून मिक्सची वाटी दोन वेळा भरून ठेवू लागलो.

‘क’ जीवनसत्त्वासाठी दुकानाने पाण्यात टाकायचे थेंब दिले होते. माणसाप्रमाणे गिनीपिगच्याही शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज बाहेरून मिळावे लागते. दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम एवढी त्याची गरज असते, आणि ते मिळाले नाही तर हिरड्या व सांधे दुखावतात, केस विस्कटतात, जखमा भरून येत नाहीत. मात्र पाण्यात मिसळलेले हे जीवनसत्त्व प्रकाशाने आणि हवेने लवकर निकामी होते आणि प्राण्याने किती पाणी प्यायले याचा हिशेबही राहत नाही, त्यामुळे थेंबांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही जालन्याचे असल्याने मोसंबीला घरात कधी तोटा नसतो, म्हणून बंडूला रोज तीन-चार फोडी मिळत. जीवनसत्त्व मिळाले हे खरे, पण साखरही तितकीच गेली.

मार्चच्या अखेरीस बंडूचे वजन १,६०० ग्रॅमच्या पुढे गेले. तो फरशीवर पसरून बसला की पोट दोन्ही बाजूंनी बाहेर येई. आई गावाहून आली तेव्हा त्याच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, “घुशीला कोथिंबीर चारायलास व्हय रे?” शेजारचे एक निवृत्त गुरुजी त्याला विलायती ससा समजत, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाचे त्याच्या जातीविषयी एक स्वतंत्र मत असे. कोणी मोबाइलवर कॅपीबाराचे चित्र काढून हेच त्याचे पिल्लू असल्याचे सांगे. कॅपीबारा हा गिनीपिगचा दूरचा नातलग आहे हे खरे, परंतु पूर्ण वाढलेला कॅपीबारा ३५ किलोंच्या पुढे जातो आणि त्याचे नवजात पिल्लूच दीड-दोन किलोंचे असते. पाच-सहा महिने घरात राहून दीड किलोवर आलेला प्राणी कॅपीबारा असणे शक्य नाही, एवढे तरी मला सांगता येत होते.

वडिलांचा प्रश्न मात्र मुद्द्याचा होता. “दात बघितलेस का घेताना?” असे त्यांनी विचारले. बैलबाजारात आयुष्य गेलेल्या माणसाचा हा साहजिक प्रश्न होता. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला, अशी दातांवरून बैलाच्या वयाची मोजणी आमच्याकडे लहान पोरालाही येते. गिनीपिगच्या बाबतीत ती चालत नाही. त्याचे वीसही दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चावून झिजत राहतात, त्यामुळे तोंड उघडून वय सांगता येत नाही, आणि पेटीवर ‘४ महिने’ लिहिणाऱ्याच्या शब्दावरच सगळे अवलंबून राहते.

वडिलांच्या या बोलण्यामुळेच जातीचा प्रश्न माझ्या डोक्यात नीट बसला. माझे आजोळ उदगीर भागातले आहे. देवणी गाय कोणती हे तिथे कोणालाही विचारा, तो जनावराचे वजन करायला जात नाही. तो अंगावरचा काळा-पांढरा मेळ पाहतो, तोंड काळे असेल तर वानेरा म्हणतो, अंगभर काळे ठिपके असतील तर शेवेरा म्हणतो, कपाळ आणि कान पाहतो, आणि मुख्य म्हणजे आई-बाप कोणाच्या दावणीचे ते विचारतो. लाल कंधारी ओळखताना गडद लाल रंग पाहिला जातो. एखादी गाय नेहमीपेक्षा थोराड निघाली तर तिला कोणी ‘देवणी जायंट’ असे नाव देत नाही, ती थोराड हाडाची देवणीच राहते. गिनीपिगच्या दुकानात मात्र आकारालाच जात म्हणून विकले जात होते, आणि मी ती विकत घेतली होती.

आमच्या शहरातील पशुवैद्यांनी बंडूला पाहून प्रामाणिकपणे सांगितले की त्यांचे सगळे काम गाई-म्हशी, शेळ्या आणि थोडेफार कुत्र्यांचे आहे, या जीवावर प्रयोग करण्यापेक्षा तुम्ही संभाजीनगरला जा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि मुलगी पहाटे निघालो. उशीर केला तर परतीच्या वाटेवर उन्हाने प्राणी दगावण्याची भीती होती, कारण २७-२८ अंशांच्या वर गिनीपिगला त्रास सुरू होतो आणि लठ्ठ प्राण्याला तो आणखी लवकर होतो. टोपलीत ओला रुमाल गुंडाळलेली पाण्याची गोठवलेली बाटली ठेवली होती. सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास बंडूने झोपून काढला.

दवाखाना दोन खोल्यांचा आहे. तपासणी शुल्क ५०० रुपये, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि ठरलेली वेळ पाळली जाते. ‘याची जात कोणती?’ हा आमचा पहिला प्रश्न डॉक्टर मॅडमनी बाजूला ठेवला आणि उलट आम्हालाच विचारले की हा प्राणी नर आहे हे कोणी ठरवले. त्यांनी बंडूला टॉवेलवर पाठीच्या बाजूने किंचित कलते धरले, बोटाने पोटाखालचा भाग हलकेच दाबला आणि मुलीलाही दाखवले. बंडू मादी होती. मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि मग नाव बदलणार नाही असे तिने जाहीर केले. तेव्हापासून घरात ‘बंडू आली’, ‘बंडू जेवली’ असे व्याकरण रूढ झाले आहे.

नर-मादीचा हा घोळ केवळ गमतीचा नव्हता. मादी म्हटल्याबरोबर वजनाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, कारण १,६४० ग्रॅम हे नरासाठी मोठे असेल, पण मादीसाठी ते जवळजवळ दुप्पट आहे. दुकानात ती कोणासोबत एका पेटीत होती का, हा डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता. होती, आणखी तिघांसोबत. पेट शॉपमधून आणलेल्या माद्या गाभण निघणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि शेवटच्या दिवसांत त्यांचे वजन पार दुपटीपर्यंत जाऊ शकते. परंतु गिनीपिगचा गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, आणि बंडू आमच्याकडे येऊन पाच महिने झाले होते, म्हणून ती शक्यता तिथल्या तिथे निकालात निघाली. त्यानंतर अंडाशयातील गाठींचा विचार झाला. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माद्यांमध्ये अशा पाणथळ गाठी सर्रास आढळतात, पोट दोन्ही बाजूंनी फुगते आणि कुशीवरचे केस दोन्हीकडे सारखे गळतात. बंडूचे केस शाबूत होते, तरीही डॉक्टरांनी सोनोग्राफी सुचवली. तिचे ८०० रुपये वेगळे पडले. गाठ नव्हती, मूतखडाही नव्हता. हा खर्च मला जड वाटला नाही, कारण जातीचा शोध घेता घेता आजार नजरेतून सुटला असता तर ते फार महागात पडले असते.

मग खऱ्या अर्थाने ओळखीचे काम सुरू झाले. डॉक्टरांनी तळहाताने बंडूचे केस शेपटीकडून डोक्याकडे उलटे फिरवले आणि ते कुठे वळतात हे पाहिले. गिनीपिगची जात मुळात केसांवरून ठरते, हे त्यांनी तेव्हा समजावून सांगितले. आखूड, गुळगुळीत, मागच्या दिशेने बसलेले केस असतील तर अमेरिकन. अंगावर भोवरेच भोवरे असतील तर अॅबिसिनियन, आणि हे भोवरे आठ-दहा तरी असावेत आणि जागच्या जागी असावेत असा प्रदर्शनांचा आग्रह असतो. लांब रेशमी केस मागे पडत असतील तर सिल्की, कुरळे लांब केस असतील तर टेक्सेल, ताठ, दाट आणि आखूड असतील तर टेडी. अमेरिकेतील ससा व गिनीपिग पैदासकारांची संघटना अशा एकूण १३ जाती मानते आणि त्यांपैकी एकही केवळ आकारावरून ठरलेली नाही. आमच्याकडे बैल घेताना भोवरे पाहून तो शुभ की अशुभ ते ठरवतात, इथे भोवऱ्यांवरून जात ठरते, हे ऐकून वडिलांना नंतर फार समाधान वाटले.

पेरूव्हियन ही जात तर लांब केसांची. मागच्या भागावरील भोवऱ्यांमुळे तिचे केस पुढे वळतात आणि न कापल्यास जमिनीवर लोळतात, इतके की तोंड कोणते आणि शेपूट कोणते हे चटकन कळू नये (शेपूट या प्राण्याला नसतेच, पण बोलण्याच्या ओघात असे म्हटले जाते). बंडूचे केस दोन बोटांच्या पेराएवढेही नव्हते. कपाळावर एक भोवरा, खांद्यावर दुसरा अर्धवट, बाकी अंग गुळगुळीत. तेव्हा पेटीवरचा ‘पेरूव्हियन’ हा शब्द डोळ्यांनी पाहूनही खोटा ठरत होता, आणि माझ्यासारख्याने गुगलवर एक चित्र जरी आधी पाहिले असते तरी तो तिथेच खोटा ठरला असता. हा दोष दुकानापेक्षा माझ्याकडेच अधिक जातो.

मग हा शब्द आला कुठून? डॉक्टरांचा अंदाज मला पटला. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीचा, तिथे तो हजारो वर्षांपासून मांसासाठी पाळला जातो आणि त्याला ‘कुई’ म्हणतात. पेरू देशात १९६० च्या दशकापासून सरकारी संशोधन केंद्रांनी मांसासाठी मोठे वाण निवड पद्धतीने तयार केले. ‘पेरू’, ‘आंदिना’ आणि ‘इंती’ अशी त्यांची नावे आहेत. यांतील ‘पेरू’ वाण झपाट्याने वाढतो, अवघ्या दोन महिन्यांत किलोभर वजन गाठतो आणि पूर्ण वाढल्यावर दोन किलोंच्याही पुढे जातो. त्याचे डोके रुंद असते, कान खाली झुकलेले असतात, आणि केस मात्र आखूड असतात. म्हणजे लांब केसांचा ‘पेरूव्हियन’ वेगळा आणि मोठ्या अंगाचा ‘पेरू’ वेगळा, दोघांच्या नावात एकच देश असल्यामुळे कोणीतरी दोन्हींची सांगड घालून ‘पेरूव्हियन जायंट’ हा तिसराच प्राणी जन्माला घातला. आपल्याकडे पेरू म्हटले की फळ आठवते, ही त्यात आणखी भर. योगायोग असा की बंडूचे आवडते फळ तेच आहे.

बंडूमध्ये या मोठ्या वाणाचे रक्त आहे का, हा प्रश्न उरला. इथे मुलीने टॉवेलवरच्या पायाकडे बोट दाखवले. गिनीपिगच्या पुढच्या पायांना प्रत्येकी चार आणि मागच्या पायांना प्रत्येकी तीन बोटे असतात. बंडूच्या डाव्या मागच्या पायाला, घोट्याच्या आतल्या अंगाला नव्हे तर बाहेरच्या अंगाला, एक चौथे बोट होते. तांदळाच्या दाण्याएवढे नख, खाली सैल कातडी, आत हाड लागत नव्हते, आणि बोटाने हलवले की ते दोन्हीकडे झुले. पाच महिने तो पाय रोज पाहूनही माझे तिकडे लक्ष गेले नव्हते. अँडीजमधील कुईंमध्ये अशी जादा बोटे पुष्कळदा आढळतात, म्हणून मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळा झालो.

डॉक्टरांनी तो निकाल मान्य केला नाही, आणि त्यांनी दिलेले कारण हा या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग होता. जादा बोट साध्या गिनीपिगमध्येही येते. अमेरिकेत विल्यम कॅसल या आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी अशा जादा बोटाच्या प्राण्यापासून निवड करत करत जादा बोटांचा एक स्वतंत्र वंशच तयार केला आणि त्याविषयी १९०६ मध्ये लिहिले. त्यांचे विद्यार्थी सेवल राइट यांनी १९३४ मध्ये दाखवले की पिढ्यान्‌पिढ्या आपसांत पैदास केलेल्या, जवळपास एकसारख्या वंशातही काही पिल्लांना हे बोट येते आणि काहींना येत नाही, आणि आईच्या वयाचाही त्यावर परिणाम होतो. अनेक आनुवंशिक घटक मिळून एका उंबरठ्यापलीकडे गेले की बोट फुटते, अलीकडे राहिले की फुटत नाही. तेव्हा एका झुलत्या बोटावरून बंडूला पेरूची नागरिक ठरवता येणार नाही, असे डॉक्टर हसून म्हणाल्या.

मग आम्ही वहीतला तो कागद पुढे केला. पेन्सिलच्या आकृतीत नाकापासून अंगाच्या मागच्या टोकापर्यंत २९ सेंटिमीटर भरले. डॉक्टरांनी टॉवेलवर बंडूला सरळ बसवून फीत लावली, ती ३४ सेंटिमीटर आली. पेन्सिल तिरपी धरली की आकृती फुगते, म्हणून दोन-एक सेंटिमीटरची चूक धरली तरी हाडांची लांबी वाढली आहे हे स्पष्ट होते, आणि चरबीने प्राणी रुंद होतो, लांब होत नाही. म्हणजे दुकानात ती खरोखरच लहान होती, ‘४ महिने’ ही नोंद बहुधा बरोबर होती, आणि लहान असतानाच १,०८० ग्रॅमची असल्याने तिचा बांधा उपजतच थोराड होता. दुसऱ्या बाजूला बरगड्यांवरून बोटे फिरवताना त्या चटकन हाताला लागत नव्हत्या, काखेत आणि गळ्याखाली चरबीच्या वळ्या होत्या. डॉक्टरांच्या अंदाजाने १५० ते २०० ग्रॅम वजन बियांच्या मिक्सचे आणि मोसंबीचे होते, बाकी सगळे बंडूचे स्वतःचे.

केसपेपरवर त्यांनी जातीच्या रकान्यात ‘मिश्र, आखूड केस, बांधा मोठा’ असे लिहिले. मोठ्या वाणाशी संबंध असू शकतो, पण वंशावळीची नोंद नसताना तसे लिहून देणार नाही, असे त्या म्हणाल्या. मी थोडा आग्रह केला, कारण ३,८०० रुपये दिलेल्या माणसाला कागदावर काहीतरी भारदस्त हवे असते. त्या बधल्या नाहीत, आणि आज मला ते बरेच वाटते.

आहाराविषयीच्या त्यांच्या सूचना स्वस्त आणि आपल्याकडे जमण्याजोग्या आहेत. परदेशी टिमोथी गवत मागवण्याची गरज नाही, हरळी आणि मारवेल पुरेसे आहे, फक्त ते फवारणी केलेल्या बांधावरचे किंवा रस्त्याकडेचे नसावे. आमच्याकडे सहज मिळते म्हणून मी लसूणघासाविषयी विचारले, तर त्यात कॅल्शियम भरपूर असल्याने वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालेल, मोठ्या प्राण्याला रोज दिला तर मूत्राशयात खडे होतील, असे उत्तर मिळाले. मोसंबी बंद झाली. ‘क’ जीवनसत्त्वासाठी रोज ढोबळी मिरचीची एक फोड आणि कोथिंबीर, कधीमधी पेरूची पातळ चकती. मिक्स पूर्ण बंद. केसपेपरच्या मागे लाल शाईने एक ओळ लिहून दिली, ती म्हणजे पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नये. आतड्यातील उपयुक्त जंतू मरून गिनीपिग त्याने दगावू शकतो. लहान गावात कुत्र्याचे औषध सशाला आणि सशाचे गिनीपिगला देण्याची पद्धत असल्याने ही ओळ मी कपाटाच्या दारावर चिकटवली आहे.

तक्रार करायची तर दोन गोष्टी आहेत. बसायला जागा अपुरी आहे, आणि भुंकणारे कुत्रे व भेदरलेले लहान प्राणी एकाच खोलीत वाट पाहत बसतात. आम्ही बंडूची टोपली मांडीवर घेऊन ओढणीने झाकून ठेवली होती, तरी ती वीस मिनिटे थरथरत होती. दुसरे म्हणजे नंतर फोनवर शंका विचारायच्या तर संध्याकाळची एकच वेळ आहे आणि ती लाइन बहुधा लागत नाही.

त्याच दिवशी परतताना मी दुकानात गेलो. मालकांनी केसपेपर वाचला, नर-मादीच्या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि पिंजऱ्याची जाळी बदलून सपाट तळाची ट्रे विनामूल्य दिली. हे मी त्यांच्या खाती जमा करतो. जातीविषयी विचारले असता मात्र ते म्हणाले, “सर, कागद कुत्र्याला असतात, याला कोण कागद देतंय? पुण्याहून माल येतो तसाच आम्ही लिहितो.” उत्तर खरे असेल, पण २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे अशा दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि प्राण्यांच्या खरेदी-विक्रीची नोंदवही ठेवायची असते. ती वही मी मागितली. ती घरी असल्याचे सांगण्यात आले. फरकाच्या पैशांविषयी मी बोललो नाही. बिलावर ‘१ नग’ लिहिलेले असताना कशाच्या आधारावर बोलणार?

पाचांपैकी गुण द्यायचे तर दुकानाला स्वच्छतेसाठी आणि प्राणी हाताळण्यासाठी चार, माहितीसाठी एक. दवाखान्याला साडेचार, अर्धा गुण त्या बसायच्या खोलीपायी कापला. ज्यांच्याकडे असा आडमाप वाढलेला गिनीपिग आहे त्यांनी जाताना स्वयंपाकघरातील तराजूवर दर आठवड्याला घेतलेले वजन, खाण्याची यादी, आणि शक्य असेल तर जुना फोटो किंवा आकृती सोबत न्यावी. आमच्या पाऊण तासाच्या तपासणीत सर्वाधिक उपयोग मुलीच्या वहीतल्या त्या पानाचा झाला.

जुलैच्या शेवटी किराणा दुकानातील त्याच तराजूवर, त्याच डब्यात, बंडूचे वजन १,४९० ग्रॅम भरले. बरगड्या आता हाताला लागतात. लांबी ३४ सेंटिमीटरच आहे. चौथे बोट अजून झुलते आहे.